उन्हाळ्यातील डोह आणि गळाची मासेमारी

वैशाखातील ऊन तापू लागले की महाराष्ट्रातील लहान नद्या वाहायच्या थांबतात. पात्रातील खडक आणि वाळू उघडी पडते आणि पाणी शिल्लक राहते ते केवळ डोहांत. कोकणात अशा डोहाला कोंड म्हणतात. नदीतील जे जीव पावसाळ्यापर्यंत तग धरणार असतात, ते सारे या थोड्याशा पाण्यात एकत्र येतात. त्यामुळे गळ टाकून बसणाऱ्यासाठी मासा सापडण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे डोह आणि सर्वांत सोपा काळ म्हणजे उन्हाळा, असे समीकरण झाले आहे.

हे समीकरण जितके सोपे, तितकेच धोक्याचे आहे. डोहात उरलेला मासा हा केवळ मासा नव्हे. पुढील पावसाळ्यात सर्व नदीला पुरणारे ते बियाणे आहे. शेतकरी कितीही ओढगस्तीत असला तरी बियाण्याच्या कणगीला सहसा हात लावत नाही. नदीच्या बाबतीत मात्र ही कणगी दर उन्हाळ्यात उघडी पडते आणि तिच्यावर पहारा करणारा कोणी नसतो. गळाने मासे पकडण्याचा छंद हा या बियाण्याचा नाश करणारा ठरेल की त्याची राखण करणारा ठरेल, हे पकडणाऱ्याच्या ज्ञानावर आणि संयमावर अवलंबून आहे. या ज्ञानाचा थोडक्यात परिचय करून द्यावा, हा या लेखाचा हेतू आहे.

उपनगरांतील पाणी

मुंबईच्या उपनगरांत गळाची मासेमारी म्हटली की प्रथम पवई तलावाचे नाव निघते. अंधेरी आणि घाटकोपर, विक्रोळी यांच्या मधल्या डोंगराळ भागात हा तलाव सन १८९० मध्ये बांधून पूर्ण झाला. त्यापूर्वी सन १८६० मध्ये विहार व सन १८७९ मध्ये तुळशी हे तलाव तयार झाले होते; तरीही वाढत्या शहराची तहान भागत नव्हती, म्हणून पवईची योजना आखण्यात आली. परंतु पवईचे पाणी पिण्यास योग्य ठरले नाही. उद्योग आणि आरे येथील दुग्धवसाहत यांच्या वापरासाठी ते पुढे उपयोगी पडले. सुमारे ६.६१ चौरस किलोमीटर पाणलोट क्षेत्र आणि सुमारे ५४५ कोटी लिटर साठा असलेला हा तलाव भरून वाहू लागला की त्याचे पाणी मिठी नदीला मिळते.

विहार व तुळशी हे तलाव बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात असून त्यांचे पाणी पिण्यासाठी राखलेले आहे. तेथे गळ टाकण्यास मुभा नाही. पवईचे पाणी पिण्याचे नसल्यामुळे तेथे मात्र हौशी गळवाल्यांची परंपरा वाढली. महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशन ही त्यांची संस्था या तलावाशी कित्येक दशके निगडित आहे. पवईत गळाला लागणाऱ्या माशांत कटला, रोहू व मृगळ हे प्रमुख होत. हे तिन्ही मासे मूळचे गंगेच्या खोऱ्यातील. त्यांचे बीज येथे आणून सोडलेले आहे. या माशांना अंडी घालण्यासाठी पुराचे वाहते पाणी लागते. बंदिस्त तलावात ते वाढतात, भले मोठे होतात, पण सहसा वीण करीत नाहीत. म्हणून तलावात बीज पुन्हा पुन्हा सोडावे लागते. दिनांक १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी व के. एच. अलीकुन्ही यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन या जातींची वीण घडवून आणली, तेव्हापासून अशा बीजासाठी केवळ नद्यांवर अवलंबून राहण्याचे कारण उरले नाही. हाच दिवस आपल्या देशात राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

तलावात बीज आणून सोडता येते. नदीचे तसे नाही. उपनगरांतील नद्या आज ज्या अवस्थेत आहेत, त्यावरून हा फरक चांगला समजतो. दहिसर नदी तुळशी तलावाच्या बाजूने निघते. राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलातून वाहताना तिच्या खडकांमधील डबक्यांत उन्हाळ्यातही स्वच्छ पाणी आणि लहान मासे आढळतात. तीच नदी बोरिवली, दहिसरच्या वस्तीत शिरली की उन्हाळ्यात तिच्या पात्रातून वाहते ते प्रामुख्याने सांडपाणी. पोईसर, ओशिवरा आणि मिठी या नद्यांची कथा निराळी नाही. दिनांक २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठी ही नाला नसून नदी आहे याची आठवण सर्व शहराला झाली. परंतु नदीची खरी परीक्षा पुरात होत नाही, उन्हाळ्यात होते. ज्या पात्रातील मे महिन्याच्या पाण्यात मासा जगतो, ती नदी जिवंत आहे असे समजावे.

उन्हाळ्यात पाण्यात काय घडते

माशाला श्वासासाठी पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो. पाणी जसजसे तापते तसतशी त्याची प्राणवायू धरून ठेवण्याची शक्ती कमी होते. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांच्या पाण्यात हे प्रमाण साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येते. दुसरीकडे, पाणी तापले की माशाच्या शरीराचे व्यापार वेगाने चालू लागतात आणि त्याची प्राणवायूची गरज वाढते. म्हणजे मागणी वाढते त्याच वेळी पुरवठा घटतो. शेवाळ आणि जलपर्णी यांनी भरलेल्या पाण्यात आणखी एक अडचण उभी राहते. दिवसा सूर्यप्रकाशात पाण्यातील शेवाळ प्राणवायू सोडते, पण रात्री ते स्वतःच तो वापरते. जलपर्णीचा थर तर प्रकाश आणि वारा दोन्ही अडवतो. परिणामी प्राणवायूचे प्रमाण पहाटेच्या सुमारास सर्वांत कमी होते. उन्हाळ्यात पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेताना दिसले, तर तो खेळ नसून धोक्याची सूचना आहे. त्यात सांडपाण्याची भर पडली की एका रात्रीत शेकडो मासे मरून काठाला लागतात.

येथे एक खूण लक्षात ठेवावी. मरळ हा मासा पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेऊ शकतो. म्हणून केवळ मरळ सापडतो यावरून पाणी चांगले आहे, असा निष्कर्ष काढू नये. कटला, रोहू किंवा खडकाळ नदीतील महसीर जेथे उन्हाळा काढतात, तेथील पाण्याबद्दल मात्र अधिक विश्वासाने बोलता येते.

मासा कोठे असतो

पाण्याचे हे शास्त्र अनुभवी गळवाला पुस्तकाविना जाणतो. उन्हाळ्यात तो पहाटे आणि सायंकाळी उथळ कडेला गळ टाकतो, कारण त्या वेळी मासा चरण्यासाठी काठाकडे येतो. ऊन चढले की मासा खोल पाण्याकडे किंवा झाडाच्या, खडकाच्या सावलीकडे सरकतो. परंतु फार खोल, स्थिर पाण्याच्या तळाशीही तो जात नाही. कारण वरचे तापलेले पाणी हलके असल्याने खालच्या थंड पाण्यात मिसळत नाही आणि तळाशी प्राणवायूचा तुटवडा असतो. मधल्या थरात त्याचा मुक्काम असतो. वाहत्या नदीत मात्र सर्वांत चांगली जागा म्हणजे खळाळ जेथे संपतो आणि डोह जेथे सुरू होतो ते तोंड. खडकांवरून उड्या घेत आलेल्या पाण्यात हवा मिसळलेली असते आणि वाहून आलेले खाद्यही तेथेच मिळते.

ज्याला मासा कोठे असतो हे कळते, त्याला मासा तेथे का असतो हेही कळले पाहिजे. भर उन्हाळ्यात डोहाच्या तोंडाशी जमलेले मासे हे भूक लागली म्हणून नव्हे, तर श्वास घेता यावा म्हणून जमलेले असू शकतात. अशा वेळी त्यांच्यावर गळ टाकणे म्हणजे आसऱ्याला आलेल्याला धरण्यासारखे आहे.

पकडून सोडणे: एक शिस्त

मासा पकडून पुन्हा पाण्यात सोडण्याची पद्धत आता जगभर रूढ होत आहे. या पद्धतीमागील हेतू चांगला असला तरी सोडलेला प्रत्येक मासा वाचतोच असे नाही. गळाला लागलेला मासा जिवाच्या आकांताने झुंजतो आणि थकतो. थंड पाण्यात तो थोड्या वेळात सावरतो. तापलेल्या, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात तो पोहत गेल्यासारखा दिसतो आणि काही वेळाने मरतो. म्हणून पुढील नियम पाळणे अगत्याचे आहे.

पहिला नियम, भर दुपारी आणि पाणी फार तापले असता गळ टाकू नये. दुसरा, गळ उलट काट्याचा नसावा किंवा तो काटा पकडीने दाबून टाकावा, म्हणजे मासा लवकर आणि इजा न होता मोकळा करता येतो. तिसरा, दोरी माशाच्या वजनाला पुरेशी मजबूत असावी; बारीक दोरीवर त्याला तासन्तास खेळवण्यात पुरुषार्थ नाही. चौथा, माशाला ओल्या हातांनीच धरावे. त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर रोगांपासून त्याचे रक्षण करतो. कोरड्या हाताने, फडक्याने किंवा तापलेल्या खडकावर ठेवल्याने तो निघून जातो. पाचवा, छायाचित्रासाठी माशाला हवेत धरून ठेवू नये. सहावा, सोडताना त्याला पाण्यातच आधार देऊन प्रवाहाकडे तोंड करून धरावे आणि तो स्वतःच्या बळावर निघून जाईपर्यंत थांबावे. पवई तलावात मगरी आहेत. तेथे पाण्यात उतरू नये, हा सातवा नियम स्वतःच्या रक्षणासाठी आहे.

महसीर: आपल्या नद्यांचा मासा

उत्तर अमेरिकेतील खडकाळ नद्यांत उन्हाळ्यात स्मॉलमाऊथ बास नावाचा मासा गळाने पकडण्याची मोठी आवड आहे. या माशाचा नर वाळूखड्यांत घरटे करतो आणि अंड्यांची व पिलांची राखण करतो. नराला थोडा वेळ जरी तेथून उचलले तरी इतर मासे अंडी फस्त करतात. हे ओळखूनच कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताच्या अनेक भागांत विणीचा काळ संपेपर्यंत या माशावर गळ टाकू दिला जात नाही. तेथे छंद आणि माशाचे जीवनचक्र यांची अशी सांगड घातली गेली आहे.

आपल्याकडे या माशाच्या जागी शोभणारा मासा म्हणजे महसीर. सह्याद्रीतून निघणाऱ्या नद्यांत आढळणाऱ्या दख्खनी महसीराचे शास्त्रीय वर्णन लेफ्टनंट कर्नल साईक्स यांनी सन १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठा नदीतील माशावरून केले. हा मासा पावसाळ्यात खळाळत्या पाण्यात अंडी घालतो. अंडी संख्येने तुलनेने थोडी, आकाराने मोठी आणि जड असतात. ती तळाच्या दगडगोट्यांत पडून राहतात. रोहूची अंडी एका दिवसाच्या आत फुटतात, तर महसीराच्या अंड्यांना सुमारे तीन दिवस लागतात आणि त्यानंतरही काही दिवस पिले दगडांच्या फटींत निपचित पडून असतात. तळाची वाळू आणि गोटे उपसले, पात्रात गाळ साचला किंवा पाण्याला सांडपाण्याची जोड मिळाली, की ही संपूर्ण पिढी नाहीशी होते.

राज्याचे माजी मत्स्यव्यवसाय संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी सन १९७० च्या सुमारास लोणावळा येथे या माशाच्या कृत्रिम विणीचा पाया घातला. टाटा वीज कंपनीच्या वळवण येथील केंद्रात हे काम पुढे अनेक दशके चालले आणि तेथील बीज देशाच्या निरनिराळ्या भागांत पाठवण्यात आले. एका जातीला वाचवण्याचा हा प्रयत्न मोलाचा खराच. पण त्यातून एक सावधगिरीचा धडाही मिळाला. कावेरीत दख्खनी महसीर सोडले गेल्यानंतर तो तेथे फोफावला आणि कावेरीचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला महसीर अतिसंकटग्रस्त अवस्थेत गेला. दक्षिण आफ्रिकेतही सन १९३७ मध्ये गळाच्या हौसेसाठी स्मॉलमाऊथ बास आणून सोडला गेला आणि केप प्रांताच्या ओढ्यांतील लहान स्थानिक मासे त्याने संपवत आणले. सन २०१२ मध्ये रोंडेगाट नावाच्या छोट्या नदीच्या एका पट्ट्यातून हा मासा औषध टाकून नाहीसा करावा लागला. तात्पर्य, ज्या नदीचा मासा त्याच नदीत वाढवावा. परका मासा तळ्यात फायद्याचा असेल. नदीत तो सोडण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

देवाचे डोह

डोह राखण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसे येथे तिळसेश्वराचे देवस्थान आहे. तेथील डोहातील मासे देवाचे मानले जातात आणि त्यांना कोणी पकडत नाही. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवरील वाळण कोंड येथेही वरदायिनी देवीच्या श्रद्धेने महसीर राखले गेले आहेत. भाविकांनी टाकलेले खाद्य घेण्यासाठी ते अगदी जवळ येतात. कोणताही कायदा, कोणताही पहारेकरी नसताना पिढ्यान्पिढ्या हे घडत आले आहे.

अशा डोहाचा लाभ त्या डोहापुरता राहत नाही. पहिला पाऊस पडून नदी वाहू लागली की मासे प्रवाहाच्या उलट चढू लागतात. कोकणात याला वलगण म्हणतात. राखलेल्या डोहातून निघालेले मासे वरच्या आणि खालच्या गावांच्या पात्रांत पसरतात आणि तेथे वीण करतात. एका गावाने राखलेले बियाणे दहा गावांच्या उपयोगी पडते.

मात्र श्रद्धेने जाळे थांबते; वरून येणारे सांडपाणी थांबत नाही. म्हणून आता श्रद्धेला व्यवस्थेची जोड हवी.

पंचायत आणि शाळा यांचे काम

पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष कालवून मासे मारणे हे आपल्या देशात सन १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासून दंडनीय ठरवले गेले आहे. तरीही उन्हाळ्यातील आटलेल्या डोहांत जिलेटिनच्या कांड्या, कीटकनाशके आणि विरंजक चूर्ण यांचा वापर कानावर येतो. गळाने एक मासा निघतो. विषाने अंडी, पिले, झिंगे आणि पाण्यातील किडे यांसह सारा डोह मरतो, आणि ते पाणी पिणारी गुरेही धोक्यात येतात.

मुंबई उपनगर जिल्ह्याचा कारभार महानगरपालिकेकडे असल्याने तेथे ग्रामपंचायती नाहीत. तेथील जबाबदारी मलनिस्सारणाची आणि काठ मोकळे राखण्याची आहे. पवईच्या काठी भराव घालून आखलेला सायकल मार्ग सन २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदेशीर ठरवला, हे यासंबंधी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. परंतु पालघर, ठाणे, रायगड या शेजारच्या जिल्ह्यांत नदीकाठी पंचायती आहेत आणि घटनेच्या अकराव्या अनुसूचीतील पाचवा विषय मत्स्यव्यवसाय हाच आहे. ग्रामसभेने ठराव करून गावच्या हद्दीतील निदान एक खोल डोह राखीव ठरवावा. फाल्गुनापासून पावसाळा संपेपर्यंत तेथे जाळे, गळ, वाळूउपसा आणि पंपाने पाणी उपसणे बंद ठेवावे. सन २००२ च्या जैवविविधता अधिनियमान्वये गावात स्थापन होणाऱ्या समितीने आपल्या लोकजैवविविधता नोंदवहीत डोहांची नावे, त्यांची उन्हाळ्यातील खोली आणि तेथील मासे नोंदवावेत. ज्या कुटुंबांची उपजीविका या माशांवर आहे, त्यांना विश्वासात घेऊनच डोहाची निवड करावी. राखण त्यांच्याकडेच सोपवली तर ती टिकेल, कारण नदीची माहिती आणि नदीची गरज या दोन्ही त्यांच्याजवळ आहेत.

शिक्षकांना या कामात फार काही खर्चाचे करावे लागणार नाही. एक तापमापक, दोरीला बांधलेली एक पांढरी थाळी आणि एक वही पुरे. फेब्रुवारी ते जून या काळात आठवड्यातून एकदा, मोठ्या माणसांच्या सोबतीने सुरक्षित काठावरून, सकाळी आणि दुपारी पाण्याचे तापमान घ्यावे; थाळी पाण्यात सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजावे; पहाटे मासे वर येऊन हवा घेतात काय, हे काठच्या रहिवाशांना विचारून लिहावे. तीन-चार वर्षांच्या अशा नोंदी हाताशी असल्या, म्हणजे डोह सुधारतो आहे की बिघडतो आहे, हे सांगण्यासाठी बाहेरच्या तज्ज्ञाची वाट पाहावी लागणार नाही.

गळ टाकून बसणारा माणूस हा नदीकाठी सर्वांत अधिक वेळ थांबणारा, पाण्याकडे सर्वांत अधिक लक्ष देणारा नागरिक असतो. पाण्याचा रंग बदलला, वास आला, मासे वर येऊ लागले, तर ते प्रथम त्यालाच कळते. त्याला नदीचा राखणदार करून घेणे हे पंचायतींच्या आणि नगरपालिकांच्या हाती आहे. जूनच्या पहिल्या पावसात नदी पुन्हा वाहू लागेल, हे निश्चित. त्या पाण्यातून मासा चढेल किंवा नाही, याचा निर्णय मात्र आपण मे महिन्यातील डोहाच्या काठी आधीच केलेला असतो.